आजीच्या माळेत दोन प्रकारच्या कवड्या निघाल्या, ओळखायच्या कशा?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. मागच्या मंगळवारी आमच्या देव्हाऱ्याजवळ खुंटीला असलेल्या कवड्यांच्या माळेचा दोरा तुटला आणि घरभर कवड्या झाल्या. माळ माझ्या आजीची. आजी आराधीण होती, नवरात्रात तुळजापूरला चालत जायची, मंगळवार-शुक्रवारी पाच घरं जोगवा मागायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. माळ तेव्हापासून कुणी उतरवली नव्हती.

मी, बायको आणि नववीतली मुलगी, तिघांनी मिळून सगळ्या कवड्या वेचल्या. कोठीखालून, शिलाई मशीनखालून निघाल्या. ताटात मांडल्या तर ७१ भरल्या. आणि मांडताना पहिल्यांदा लक्षात आलं की सगळ्या सारख्या नाहीत. काहींच्या कडेला गाठी आहेत, आकार जरा कोनाकोनाचा. काही एकदम गुळगुळीत, अंडाकार. मग आठवलं, आजी गाठीवालीला 'थोरली' आणि गुळगुळीतला 'धाकली' म्हणायची. मला वाटायचं ते मोठी-लहान अशा अर्थानं. पण ताटात बघितलं तर काही थोरल्या धाकलीपेक्षा लहान आहेत!

मुलीनं लगेच विचारलं, 'बाबा, ह्या दोन वेगळ्या जाती आहेत का? आणि हा प्राणी शिंपल्यात येतो का गोगलगायीत?' मला उत्तर देता आलं नाही. अडचण अशी की माळेत ओवायला प्रत्येक कवडीची पाठ घासून सपाट केलेली आहे. नेटवर बघावं तर सगळे फोटो पाठीचे. आमच्याकडे पाठच नाही. नुसत्या पोटावरून जात कळते का?

रेणापूरचा_नामदेव

फोटो टाका की राव. पोटाकडून आणि कडेनं.

सीताफळ

माझ्या माहितीप्रमाणे थोरली म्हणजे मादी आणि धाकली म्हणजे नर. किंवा एक म्हातारी, एक तरणी. जात एकच असणार, कवडी ती कवडी.

जीवशास्त्र_मास्तर

तेरणाकाठ, तुमच्या आजीची नजर पक्की होती. मी परभणी जिल्ह्यात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झालो. हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुलीचा प्रश्न. कवडी शिंपल्यात येत नाही. शिंपल्याला दोन झडपा असतात, कवडीचं कवच एकसंध. ती मृदुकाय संघातल्या उदरपाद वर्गातली, म्हणजे गोगलगायीच्या वर्गातली. समुद्रातली गोगलगायच. आता तुम्ही म्हणाल, गोगलगायीच्या पाठीवर फिरकी असते, वळसे दिसतात, कवडीवर कुठे आहेत? आहेत, पण झाकलेले. पिल्लू असताना कवडीचं कवच पातळ असतं, तोंड रुंद असतं आणि एका टोकाला छोटी फिरकी स्पष्ट दिसते. वाढ पुरी होत आली की शेवटचा वळसा आधीचे सगळे वळसे पोटात घेतो. मग तोंडाची बाहेरची कड आत वळते, भोक अरुंद होऊन नुसती लांब फट उरते आणि फटीच्या दोन्ही बाजूंना दात येतात.

त्यात तुमच्या माळेची एक मोठी सोय आहे. पाठ घासलेली आहे ना? मग मुलीला सांगा, बॅटरी घेऊन त्या भोकातून आत बघ. आत एक वळलेली भिंत दिसेल. ती फिरकीच. अख्खी कवडी हातात असती तर फोडल्याशिवाय हे दिसलं नसतं.

सीताफळ, तुमच्या शंकेबद्दल. कवडीत नर-मादी वेगळे असतात हे खरं, पण गाठींवरून ते ओळखत नाहीत. वयाचं म्हणाल तर एकदा कड आत वळून दात आले की कवडीची लांबी वाढणं थांबतं. त्यानंतर नुसता थर चढतो, कवच जाड होतं. म्हणून दात असलेली लहान कवडी 'पोर' नसते. तीही पुरी वाढलेलीच असते, फक्त अंगानं लहान. थोरली लहान आणि धाकली मोठी हे तुमच्या ताटात दिसलं ते अगदी बरोबर आहे.

आता जात. माझा अंदाज, गाठीवाली म्हणजे मोनेटारिया मोनेटा आणि गुळगुळीत म्हणजे मोनेटारिया अॅन्युलस. दोन्हींना नाव दिलं लिनिअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञानं, १७५८ साली, तेव्हा वंश 'सिप्रिया' होता. त्या काळी झाडून सगळ्या कवड्या सिप्रियातच घालत. पुढे १८६३ मध्ये ट्रोशेल यानं मोनेटारिया हा वंश मांडला आणि आज ह्या दोघी त्यात आहेत. सिप्रियात आता थोड्याच उरल्यात, ती मोठी ठिपक्यांची वाघकवडी त्यातली एक. कुळ मात्र सगळ्यांचं एकच, सिप्रीइडी. त्यात दोनशेहून जास्त जाती आहेत. तेव्हा 'कवडी ती कवडी' हे तितकंसं खरं नाही.

बांधावरून

मास्तर, थांबा. म्हणजे २०२२ च्या खरिपात ज्या शंखी गोगलगायीनं माझं दोन एकर सोयाबीन उगवता उगवता फस्त केलं, तिच्याच भावकीची माळ आमच्या मायच्या गळ्यात हाय व्हय?

जीवशास्त्र_मास्तर

भावकी आहे, पण लांबची. वर्ग एक, पुढची वाट वेगळी. ती शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची, जमिनीवरची, फुप्फुसासारख्या पिशवीनं हवेत श्वास घेणारी. कवडी समुद्रातली, कल्ल्यांनी श्वास घेणारी. शिवाय शंखी गोगलगायीत एकाच अंगात नर आणि मादी दोन्ही असतात, म्हणून तर दोन भेटल्या की दोन्हीही अंडी घालू शकतात. लातूर, बीड, धाराशिवला त्या वर्षी जो हाहाकार झाला त्याचं हे एक कारण.

बांधावरून

आम्ही गुळाच्या पाण्यात पोती भिजवून धुऱ्यावर टाकायचो, सकाळी पोत्याखाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात. बादल्याच्या बादल्या. तवा एक बघितलं होतं, समद्यांची फिरकी एकाच बाजूला वळलेली. कवडीचंबी तसंच असतं का?

जीवशास्त्र_मास्तर

बारीक नजर आहे तुमची. हो, बहुतेक सगळ्या शंखवर्गी प्राण्यांत फिरकी उजवी असते. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर तोंड उजव्या हाताला येतं. कवडीही उजवीच.

उदोउदो_७२

क्षमा करा, पण आईच्या माळेला गोगलगाय म्हणणं मला पटत नाही. आमच्या घरात पाच पिढ्या माळ आहे. कवडी म्हणजे कवडी. तिला सोयाबीनच्या किडीशेजारी बसवायचं कारण काय?

परडीवाली

उदोउदो_७२ दादा, मी स्वतः आराधी घरातली आहे. आईनं माझ्या गळ्यात माळ घातली तेव्हा मी सात वर्षांची होते. तुमच्या मनाला लागलं ते समजतं. पण मला उलट वाटतं. इतकी वर्षं मी माळ घालते आणि हा जीव कसा जगत होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं. समुद्रापासून इतक्या लांब, आपल्या काळ्या रानात, तो जीव देवीच्या पायाशी आला. तो गोगलगायीच्या कुळातला निघाला म्हणून माझी माळ हलकी होत नाही. आणि मास्तरांनी कुठंही अनादर केलेला नाही.

तेरणाकाठ, तुमच्या आजी कुठल्या पेठेत उतरायच्या? माझी आजीपण चालत जायची.

उदोउदो_७२

ताई, तुम्ही म्हणता तसं बघितलं नव्हतं. मास्तर, राग नसावा. मला एक सांगा, कवडीला ती चकाकी कशी येते? आमच्या माळेतल्या कवड्या पन्नास वर्षांच्या आहेत, पोटाकडून अजून काचेसारख्या आहेत. नदीतल्या शिंपल्याला बाहेरून अशी झळाळी कधी दिसली नाही.

जीवशास्त्र_मास्तर

राग कसला, प्रश्न उत्तम आहे. इतर शंख-शिंपले कवच आतून बनवतात, त्यांची बाहेरची बाजू उघडी पडते, त्यावर शेवाळ, चुनखडी, ओरखडे जमतात. कवडीच्या मांसल आवरणाला, ज्याला आपण प्रावार म्हणतो, दोन पदर असतात. जिवंतपणी ते फटीतून बाहेर येतात आणि दोन्ही बाजूंनी वर चढून सगळ्या कवचावर शाल पांघरावी तसे पसरतात. त्यामुळे कवच बाहेर असूनही आतच असतं. त्यावर सतत नवा लेप बसतो. रंग आणि नक्षीही तो प्रावारच घालतो. पाठीवर जिथे दोन पदर एकमेकांना भेटतात तिथे बऱ्याच कवड्यांत एक फिकट रेघ राहते.

ही चकाकी जगभर लोकांना इतकी भावली की चिनी मातीच्या भांड्यांना युरोपात 'पोर्सिलेन' म्हणतात तो शब्दही कवडीच्या इटालियन नावावरून आला.

लातूर_रोड

विषय निघालाय तर विचारतो. माझ्या चुलत्यानं मागं एका यात्रेत 'दक्षिणावर्ती शंख' म्हणून बराच महाग शंख घेतला. मास्तर म्हणायलेत फिरकी उजवी असते, मग उजवा शंख दुर्मीळ कसा?

जीवशास्त्र_मास्तर

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. आम्ही शंख टोक वर करून बघतो, म्हणून नेहमीच्या शंखाचं तोंड उजवीकडे दिसतं आणि आम्ही त्याला उजवा म्हणतो. पूजेत शंख चोच वर आणि फिरकी खाली असा धरतात. तोच शंख उलटा धरला की तोंड डावीकडे येतं, म्हणून परंपरेत तो वामावर्ती. तेव्हा परंपरेतला दक्षिणावर्ती म्हणजे आमच्या भाषेत डावा. पूजेचा शंख हा टर्बिनेला पायरम नावाच्या जातीचा, मन्नारच्या आखातात तुतिकोरीनकडे तो पूर्वापार काढतात. त्यात डावा शंख खरोखर फार दुर्मीळ.

तुमच्या चुलत्यांच्या शंखाच्या तोंडात बोट घालून बघा. मधल्या खांबाला तीन-चार आडव्या ठसठशीत घड्या लागतात का?

लातूर_रोड

आत्ताच जाऊन बघून आलो. एकदम सपाट. घडीबिडी काही नाही.

जीवशास्त्र_मास्तर

मग तो टर्बिनेला नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावर, फ्लोरिडाकडे, एक मोठा शंख होतो, इंग्रजीत त्याला लायटनिंग व्हेल्क म्हणतात. ती जात स्वभावतःच डावी आहे, तिच्यात डावा असणं हीच रीत. तिथे तो हजारोंनी मिळतो. आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणून बहुधा तोच विकला जातो. खांबावरच्या घड्या ही सगळ्यात सोपी खूण.

लातूर_रोड

चुलत्याला आज सांगत नाही. दिवाळीनंतर सांगतो.

मालवणची_सून

माहेर अंबाजोगाई, सासर मालवण, म्हणून दोन्हीकडचं बोलते. इथे खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला दगड उलटले की कवड्या दिसतात. रेघोट्यांच्या, ठिपक्यांच्या, तपकिरी. बाहेर आलेला प्रावार मी स्वतः पाहिला आहे. त्यावर बारीक बारीक कोंब असतात. बोट लावलं की दोन्ही पदर आत ओढून घेते आणि एकदम चकचकीत कवच उघडं पडतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दचकून मागे सरकले होते. पण माळेतली ती पिवळी गाठीची कवडी मला इथे कधी सापडली नाही. सासूबाई म्हणतात ती 'बेटावरची'.

आणि सगळ्यांना विनंती, दगड उलटला तर परत तसाच ठेवा. कवडीची मादी दगडाखाली अंड्यांवर बसून असते, कोंबडीसारखी. मला हे इथे एका मासेमाऱ्यानं दाखवलं.

दौलताबाद_घाट

'बेटावरची' हे अगदी खरं. गाठीची कवडी शतकानुशतकं आली ती मालदीव बेटांवरून. प्रवाळाच्या उथळ पाण्यात ती भरपूर होते. जुन्या अरब प्रवाशांनी लिहून ठेवलंय की बेटावरचे लोक नारळाच्या झावळ्या पाण्यात टाकून ठेवत, कवड्या त्यांना चिकटत, मग झावळ्या ओढून घेत.

आपल्यासाठी गंमत अशी की इब्न बतूता हा प्रवासी १३४२ च्या सुमारास आपल्या दौलताबादेत होता. किल्ल्याचं वर्णन त्यानं केलंय, तिथल्या तळघरातल्या मांजराहून मोठ्या उंदरांसकट. तिथून पुढे फिरत फिरत तो १३४३ मध्ये मालदीवला पोचला, तिथे काझी झाला आणि कवडीचा व्यापार त्यानं डोळ्यांनी बघितला. किनाऱ्यावर खड्ड्यात कवड्या पुरून ठेवायच्या, मांस कुजून गेलं की पांढरं कवच उरतं. बंगालचे लोक तांदूळ द्यायचे आणि कवड्या न्यायचे, कारण बंगालात कवडीचं नाणं चालायचं. भाव लिहिलाय त्यानं: चार लाख कवड्यांना एक सोन्याचा दिनार, आणि भाव पडला तर बारा लाखांना एक.

बांधावरून

म्हंजी कवडीमोल हा भाव खरंच होता तर. आणि तोबी पडायचा. आमच्या मोंढ्यात हेच चाललंय.

दौलताबाद_घाट

पडायचाच. आणि त्यात तुमच्या दोन्ही जातींचा इतिहास आहे. पश्चिम आफ्रिकेत मालदीवच्या गाठीवाल्या कवडीला पैशाचा मान होता. एकोणिसाव्या शतकात जर्मन व्यापाऱ्यांनी झांझीबारकडची गुळगुळीत, अंगठीवाली कवडी जहाजं भरभरून तिकडे नेऊन ओतली. ती स्वस्त आणि अमाप. काही दशकांत कवडीची किंमत इतकी उतरली की नाणं म्हणून ती मेली. तेव्हा थोरली आणि धाकली ही नावं बाजारानंही ठेवली असती.

वैद्य_गोदाकाठ

आमच्या शास्त्रातही हा फरक आहे. कवडीला संस्कृतात कपर्दिका किंवा वराटिका. भस्मासाठी जी वराटिका घ्यायची ती पिवळसर, पाठीवर गाठी असलेली असावी असं रसशास्त्रात सांगितलं आहे. वजनावरूनही उत्तम, मध्यम, कनिष्ठ लावतात. म्हणजे गुळगुळीत बाजूला, गाठीची निवडून घ्या. नाव लिनिअसचं नव्हतं, पण लक्षण तेच धरलं होतं. घरी कुणी भस्माचा प्रयोग करू नये, ते शोधन-मारण जाणत्याचं काम आहे.

चल्लसआठ

आमच्याकडे माळेच्या कवड्या खेळात घेऊ द्यायचे नाहीत, पण आजोबांची चल्लस खेळायच्या कवड्यांची वेगळी पिशवी होती. त्यांच्या पाठी घासलेल्या नव्हत्या. पाठ घासली तर कवडी एकाच अंगावर पडते, डाव खोटा होतो. ते सांगायचे की उताणी-पालथी नीट पडायला कवडी जड बुडाची आणि गाठीची पाहिजे, गुळगुळीत घरंगळत जाते. ह्या धाग्यामुळे आज ती पिशवी काढून बघितली. सातपैकी सात गाठीवाल्या! आजोबांनी निवडून घेतल्या असणार.

सीताफळ

चल्लस आम्ही चिंचोक्यांवर खेळलो, कवड्या कधी मिळाल्याच नाहीत. मास्तर, माझं नर-मादीचं चुकलं हे मान्य.

माजलगावची_लेक

एक कळकळीनं सांगते. दसऱ्याआधी देवाची तांब्याची भांडी चिंचेनं घासली, त्याच पाण्यात मी माळ पण भिजत घातली. तासाभरानं काढली तर सगळी चकाकी गेलेली, खडूसारख्या पांढऱ्याफट्ट झाल्या. आजपर्यंत त्या तशाच आहेत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं ते.

जीवशास्त्र_मास्तर

माजलगावची_लेक, कवडी म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट, चुनखडीचा भाऊ. चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोणतंही आंबट लागलं की ते विरघळतं आणि वरचा लेप आधी जातो. ती चकाकी परत येत नाही, कारण लेप देणारा जीव नाही. साध्या पाण्यानं पुसा, पूर्ण वाळवा आणि तेलाचं बोट फिरवा, थोडा उजाळा येईल. तेरणाकाठ, तुम्हीही कुंकू काढायला लिंबू वापरू नका.

तेरणाकाठ

मास्तर, वेळेवर सांगितलंत. बायकोनं लिंबू चिरूनच ठेवलं होतं.

आता मूळ प्रश्न. काल संध्याकाळी मी आणि मुलगी दोन तास ताट घेऊन बसलो. बॅटरीनं भोकातून बघितलं आणि ती वळलेली भिंत दिसली! मुलगी ओरडलीच. शेजारची पोरं पण बघून गेली. मग वाटण्या केल्या. कडेला गाठी, रुंद टोकाकडे फुगीर, कोनदार अशा ५२. गुळगुळीत अंडाकार १७. उरल्या दोन, त्या कुठेच बसेनात, त्यांचं नंतर सांगतो.

पण ह्या १७ अॅन्युलसच कशावरून? मोनेटातही एखादी कमी गाठीची असू शकते ना?

जीवशास्त्र_मास्तर

असू शकते, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून सांगतो, मोनेटा फार बदलती जात आहे. काहींच्या गाठी नावापुरत्याच. म्हणून एकट्या गाठीवर जाऊ नका. अॅन्युलस म्हणजे अंगठी. तिच्या पाठीवर शेंदरी-सोनेरी कडं असतं, आत निळसर राखाडी. पाठ घासली की ते कडं जातं, पण घासणाऱ्यानं हात कमी चालवला असेल तर भोकाच्या अगदी काठावर त्याचा धागा शिल्लक राहतो. त्या १७ उन्हात धरा आणि भोकाची कड बघा.

तेरणाकाठ

आहे! ११ कवड्यांच्या काठावर केसाएवढी शेंदरी रेघ आहे. आम्ही आधी ते कुंकू समजून पुसत होतो, ते जात नव्हतं. अजून दोघींवर ती आहे असं बायको म्हणते, पण त्या मी धरत नाही. उरलेल्या सहांवर रेघ नाही, पण आकार हुबेहूब तोच.

जीवशास्त्र_मास्तर

११ पक्क्या अॅन्युलस. बाकीच्या सहा आकारावरून अॅन्युलस म्हणायला हरकत नाही, पण वहीत त्यांच्यापुढे 'आकारावरून' असं लिहून ठेवायला सांगा मुलीला. पुढे कुणी बघितलं तर त्याला कळलं पाहिजे की खूण कशाची धरली होती.

परडीवाली

त्या उरलेल्या दोन कशा आहेत?

तेरणाकाठ

एक गडद तपकिरी. इतर सगळ्यांची पोटं पांढरी-पिवळसर, हिच्या दोन्ही बाजू काळपट चॉकलेटी, आणि त्या कडा बसक्या, पसरट, जणू कुणी कवडी वरून दाबलीय. मधे दात पांढरे. दोन्ही टोकांना फिकट डाग. मला वाटलं जळालीय, पोतीच्या जाळाला लागली असेल. पण घासूनही रंग तोच.

दुसरी दिसायला मोनेटासारखी, पण हातात घेतली की हलकी लागते. आणि दोन्ही बाजूंनी एक सरळ बारीक रेघ गेलीय, शिवणीसारखी.

मालवणची_सून

पहिली मी ओळखते! ती आमच्याकडे लाटा आपटतात त्या खडकांवर असते. पाठीवर पांढरे शिंतोडे, कडेनं गडद तपकिरी. पोरं 'सापाचं डोकं' म्हणतात.

जीवशास्त्र_मास्तर

आणि शास्त्रीय नावाचा अर्थही तोच! मोनेटारिया कापुटसर्पेंटिस. कापुट म्हणजे डोकं, सर्पेंटिस म्हणजे सापाचं. तीही लिनिअसची, १७५८ ची. पसरट गडद कडा आणि टोकांचे फिकट डाग, ही तिची खूण पाठीशिवायही लागते. बसका आकार असल्यानं ती लाटेच्या माऱ्यातही खडक सोडत नाही. म्हणजे तुमच्या आजीच्या एका माळेत मोनेटारियाच्या तीन जाती आहेत.

दुसरी, वाईट वाटून घेऊ नका, साच्यातली दिसते. शिवण म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्यांचा जोड. भोकातून आत बघा, वळलेली भिंत नसेल.

तेरणाकाठ

नाही भिंत. आत नुसती पोकळ.

मला खरंच वाईट वाटलं. आजीच्या माळेत प्लास्टिक कसं आलं? आईला विचारलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आजी अंथरुणाला खिळली त्या वर्षी माळ धुताना एक कवडी मोरीत वाहून गेली. आजी रोज माळ हातात घेऊन मोजायची. ७० भरल्या तर तिला कळलं असतं. आईनं त्याच दिवशी एक दुकानातून आणली आणि रात्री ओवून टाकली. आजीनं दुसऱ्या दिवशी मोजली, ७१ भरल्या, आणि माळ कपाळाला लावून खुंटीला टांगायला दिली.

परडीवाली

ती काढू नका.

उदोउदो_७२

काढू नका. माळ ७१ चीच राहू द्या.

रेणापूरचा_नामदेव

ओवताना दुहेरी पिळाचा सुती दोरा घ्या आणि प्रत्येक कवडीनंतर गाठ मारा. घासलेल्या भोकाची कड दोरा कापते, तुमचा जुना दोरा तिथंच तुटला असणार. गाठ असली तर पुढच्या वेळी एकच सुटेल, घरभर होणार नाहीत. आणि फोटो अजून टाकला नाही तुम्ही.

तेरणाकाठ

फोटो टाकतो. शुक्रवारी ओवली. आईच ओवत होती, मुलगी एकेक हातात देत होती: थोरली, थोरली, थोरली, धाकली. सापाच्या डोक्याची मधोमध घेतली. आईनं आणलेली तिच्या शेजारी.